सर्कलमडमध्ये तापीकाठ उभा करताना

मड म्हणजे चित्र नसलेला, निव्वळ मजकुरावर चालणारा, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा खेळ. पहिला मड १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी लिहिला. पुढे कोपनहेगनचा डिकूमड आला आणि त्यावरून जेरेमी एल्सन यांनी १९९३ मध्ये सर्कलमड काढला. जुना लॅपटॉप त्याला पुरतो. लाइट गेली, राउटर बंद पडला, तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चार जण आरामात खेळतात. फुकट आहे, पण परवान्याच्या अटी पाळा: त्यातून पैसे कमवायचे नाहीत आणि मूळ लेखकांची नावं काढायची नाहीत.

उबंटूवर कंपायलर आणि टेलनेट (खेळाला जोडून घेण्याचं साधन) टाकून घ्या. ३.१ आवृत्तीच्या मूळ फोल्डरमध्ये कॉन्फिगर ही आज्ञा चालवा, मग एसआरसी फोल्डरमध्ये जाऊन मेक ही आज्ञा. सर्व्हर सुरू करताना मात्र मूळ फोल्डरमध्ये परत या, नाहीतर त्याला लिब फोल्डर सापडत नाही आणि तो तिथेच थांबतो. पोर्ट ४०००. पहिलं तयार होणारं पात्र आपोआप ३४व्या पातळीचं, म्हणजे सर्वाधिकारी होतं. म्हणून आधी आपलं पात्र करा, मगच मित्रांना पत्ता द्या.

आता जग. खेळातली प्रत्येक जागा, मग ती नदीकाठ का असेना, म्हणजे एक खोली. खोल्या लिहायच्या आधी कागदावर नकाशा काढा. धुळ्याच्या दक्षिणेला लळिंग किल्ला, गावातून पांझरा, उत्तरेला तापी, पलीकडच्या काठावर फारुकी सुलतानांचं थाळनेर, त्यामागे सातपुडा. तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते, तेव्हा खेळातही प्रवाहाची दिशा तीच ठेवा. आपल्याकडचा खेळाडू ही चूक लगेच पकडतो.

खोल्यांच्या एका गटाला विभाग म्हणतात. विभाग २०० घेतला तर खोल्यांचे क्रमांक २०००० ते २००९९, आणि फाइलमध्ये ते चढत्या क्रमानेच हवेत. प्रत्येक खोलीत हॅश (#) आणि क्रमांक, नाव, वर्णन, मग एका ओळीत तीन गोष्टी: विभाग, खुणा, भूप्रकार. त्याखाली वाटा: ० उत्तर, १ पूर्व, २ दक्षिण, ३ पश्चिम, ४ वर, ५ खाली. नाव आणि वर्णन दोन्ही ~ या चिन्हाने बंद होतात. ते एका ठिकाणी द्यायचं राहून गेलं की पुढचा मजकूर वर्णनातच गिळला जातो आणि चूक झाल्याचा संदेश येतो. संदेशातल्या क्रमांकाची खोली तपासा.

भूप्रकाराकडे नवे लोक दुर्लक्ष करतात, पण खेळाची खरी गंमत तिथेच आहे. गावात चालायला १ गुण लागतो, शेतात २, जंगलात ३, टेकडीवर ४, डोंगरात ६. निघालेली आणि पोचलेली अशा दोन खोल्यांची सरासरी कापली जाते. नव्या पात्राकडे चालण्याचे गुण ८०च्या घरात असतात. लळिंगच्या चढाला डोंगराच्या बारा खोल्या लावल्या तर गडी माथ्यावर जवळपास रिकामा पोचतो, आणि तिथे राक्षस उभा असेल तर पळायलाही त्राण उरत नाही. मध्ये पाण्याच्या टाक्यापाशी एक शांत खोली द्या, जिथे मारामारी चालत नाही. पांझरेला भूप्रकार क्रमांक ६ लावा, ती पोहून जाता येते. तापीला क्रमांक ७, म्हणजे होडी लागेल. मग काठावर नावाडी हवाच, आणि त्याने ‘कथा चालना भाऊ?’ (कुठे निघालास भाऊ?) असं अहिराणीत विचारलं की खोली जिवंत होते.

वर्णनं खुशाल देवनागरीत लिहा: ‘वाळूत कलिंगडाचे वेल पसरलेत. पलीकडच्या काठावर थाळनेरचा पडका बुरूज.’ टर्मिनल यूटीएफ-८ दाखवणारं असलं की नीट उमटतं. खेळाडूने टाइप केलेली देवनागरी मात्र सर्व्हर गाळून टाकतो, म्हणून पात्रांची आणि वस्तूंची हाक मारायची नावं रोमन लिपीतच द्या. नोटपॅडमध्ये फाइल जतन करताना बीओएम (फाइलच्या सुरुवातीला लागणारी अदृश्य खूण) नको. तो असला की पहिल्याच ओळीवर सर्व्हर अडतो.

फाइल तयार झाली की तिचं नाव त्याच फोल्डरमधल्या इंडेक्समध्ये, शेवटच्या डॉलर चिन्हाच्या वर टाका. विभागाची स्वतंत्र झोन फाइलही लागते, तिच्याशिवाय खोल्या स्वीकारल्याच जात नाहीत. राक्षस लिहिला पण झोन फाइलमध्ये त्याला कुठे उभा करायचा ते सांगितलं नाही, तर तो कधीच दिसत नाही.

सुरू करण्याआधी सी (-c) हा पर्याय देऊन सर्व्हर चालवा. तो फक्त फाइली तपासून बंद होतो. नंतर प्रत्येक वाट जाऊन-येऊन पाहा, कारण उत्तरेची वाट दिली म्हणून दक्षिणेची आपोआप तयार होत नाही. ही फेरी नव्या साध्या पात्राने मारा. सर्वाधिकारी पात्र थकत नाही, त्याला होडीही लागत नाही, त्यामुळे त्याच्या डोळ्यांना चढ आणि तापी दोन्ही बरोबरच वाटतात.