आठवीला नव्याने आलेल्या मुलांना आश्रमशाळेत कसे रुळवावे

नंदुरबार, पालघर किंवा गडचिरोलीच्या दुर्गम भागांत सातवीपर्यंतच वर्ग असलेल्या आश्रमशाळा बऱ्याच आहेत, त्यामुळे तेथील मुलांना आठवीला दुसऱ्या गावच्या माध्यमिक आश्रमशाळेत यावे लागते. जूनमध्ये दाखल झालेले मूल दिवाळीनंतर परत येणार की नाही, हे बहुधा पहिल्याच सत्रात ठरते, आणि त्यात शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या परिपाठापर्यंतच्या वेळेचा वाटा फार मोठा असतो. म्हणून नव्या अधीक्षकांनी आणि शिक्षकांनी या वेळेची आखणी वेळापत्रकाइतक्याच गांभीर्याने करावी.

मुलाची पेटी घेऊन वडील किंवा काका येतात, तेव्हा त्यांना दाखल्यावर सही करून लगेच जाऊ देऊ नये. त्यांना बसवून घरची भाषा, पाडा, निरोप पोहोचेल असा फोन आणि आजारपणाचा इतिहास वहीत नोंदवून घ्यावा. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणार आहे का, हे त्याच वेळी विचारावे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झालेली नसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात ती करून घ्यावी. हा आजार असलेल्या मुलाला भरपूर पाणी मिळाले पाहिजे, थंडीत व पावसात भिजण्यापासून त्याला जपले पाहिजे आणि सांधे दुखतात असे त्याने सांगितल्यास कवायत चुकवण्याचे निमित्त समजून ते उडवून लावू नये.

झोपण्याची जागा देताना एका पाड्यावरची मुले पहिले काही आठवडे शेजारी-शेजारी ठेवावीत. मराठी लवकर यावी म्हणून त्यांना मुद्दाम वेगळे करण्याची पद्धत मला चुकीची वाटते, कारण रात्री कोणाशीच बोलता न येणारे मूल सकाळी वर्गातही गप्पच बसते.

भाषेचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. भिली आणि पावरी या भाषा मराठीच्याच कुळातल्या असल्याने सातपुड्यातील मुलाला अंदाजाने बरेच कळते. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील आणि भामरागडची माडिया द्राविडी कुळातील असल्यामुळे ती बोलणाऱ्या मुलांना मराठीचे अंतर कितीतरी जास्त कापावे लागते. त्यांच्या बोलण्यात लिंगाच्या चुका होणारच, आणि त्यावर वर्ग हसला तर ते मूल पुन्हा हात वर करणार नाही, म्हणून हसणे पहिल्याच दिवशी थांबवावे. विज्ञान शिकवताना आधी अनुभव द्यावा व नंतर संज्ञा सांगावी. आरशावर विजेरीचा झोत पाडून तो भिंतीवर कोठे जातो हे मुलांना आपसांत स्वतःच्या भाषेत बोलू द्यावे, मग एकाने ते मराठीत सांगावे आणि शेवटी ‘परावर्तन’ हा शब्द फळ्यावर यावा. यात वेळ जातो, पण तसे शिकलेली संज्ञा मूल उत्तरपत्रिकेत स्वतःच्या वाक्यात वापरू शकते.

रात्रीच्या अभ्यासिकेत मुले पुस्तक उघडून मोठ्याने वाचत असतात, म्हणजे अभ्यास चालला आहे असे समजू नये. पहिला अर्धा तास त्या दिवशीच्या गणितासाठी ठेवावा आणि नववीच्या मुलांनी ते फळ्यावर सोडवून दाखवावे. आठवीत येऊनही सलग वाचता न येणारी मुले असतात. त्यांना इतरांसमोर न आणता, त्यांच्या पातळीच्या गोष्टींच्या पुस्तकांतून रोज वेगळा वेळ द्यावा. वीज गेली तर पाढे, तोंडी गणिते आणि त्यांच्या पाड्यावरच्या गोष्टी घ्याव्यात. दहावीला विज्ञानात प्रात्यक्षिकाचे आणि गणितात अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण असतात, त्यामुळे प्रयोगवही नीट लिहिण्याची सवय आठवीतच लावावी.

एकाला खरूज झाल्यास खोलीतील सर्वांवर एकाच दिवशी उपचार करावेत आणि कपडे-पांघरुणे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावीत, नाहीतर ती फिरून येते. साप चावल्यास जखम कापू नये, घट्ट बांधू नये. मुलाला हलू न देता 108 ला फोन करून ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

श्रमदानाची परंपरा आपल्याकडे आदराची आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम हा तेथे शिक्षणाचाच भाग होता. म्हणूनच झाडलोट कधीही शिक्षा म्हणून देऊ नये आणि कामाठीचे पद रिकामे आहे म्हणून ते काम मुलांवर टाकू नये.

दिवाळीच्या सुटीपूर्वी परतण्याची तारीख प्रत्येकाला लिहून द्यावी व पालकांनाही कळवावी. कुटुंब स्थलांतर करणार असेल, तर मुलाला शाळेतच ठेवण्याबद्दल त्यांच्याशी आधी बोलावे. शाळा उघडल्यावर जो आला नाही, त्याच्या पाड्यावर दुसऱ्याच दिवशी त्याची भाषा जाणणाऱ्याला सोबत घेऊन जावे आणि नाव कमी करण्याची धमकी न देता कारण विचारावे. घरी धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी नसणे किंवा आजारपण हे कारण असेल, तर पालकांशी बोलून काहीतरी वाट काढता येते. मोठ्या मुलांचा त्रास हे कारण निघाल्यास मात्र आधी शाळेत येऊन त्या मुलांशी बोलावे, झोपण्याची जागा बदलावी आणि मगच मुलाला परत आणावे.