वीजबिल कमी करायचंय? आधी रात्री अकराला मीटरसमोर उभे रहा

दर उन्हाळ्यात व्हॉट्सअॅपवर तीच यादी फिरून येते, मोबाईलचा चार्जर प्लगमधून काढा, खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा, फ्रिजचं दार सारखं उघडू नका. दिवे बंद करा हो, कोण नाही म्हणतंय, पण आता सगळीकडे ९ वॅटचे एलईडी आहेत, असा एक दिवा विसरून रात्रभर दहा तास चालू राहिला तरी ०.०९ युनिट होतं. नुसता लटकलेला चार्जर तर महिनाभरात पाव युनिटसुद्धा खात नाही. या यादीवर भरवसा ठेवून मी दोन वर्षं दिव्यांवरून पोरांवर ओरडत होते आणि बिल जिथल्या तिथे. वीज जात होती भलतीकडेच.

मी नाशिकला रो हाऊसमध्ये राहते. आमचं घर, ताईचं, आत्याचा पुण्यातला फ्लॅट, ओळखीपाळखीतली अशी मिळून वीसेक घरं आतापर्यंत तपासून झाली असतील. प्रत्येक ठिकाणी एकच सांगते, नवीन काहीही विकत घ्यायच्या आधी मोजा. पंखे बदलू का, फ्रिज बदलू का, सोलर लावू का, हे सगळं नंतर.

बिलाबद्दल एक गैरसमज आधी काढून टाका. महावितरणच्या घरगुती बिलात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे असतात. ३०१ वं युनिट पडलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, तसं नाहीये. पहिली १०० युनिटं पहिल्याच दराने लागतात, पुढची पुढच्या. पण याचा फायदा असा की तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महागड्या टप्प्यातून कमी होतं, आणि त्यावरचा वहन आकार (वीज घरापर्यंत आणून पोचवण्याचे पैसे) आणि १६ टक्के वीज शुल्क पण वाचतं. म्हणून ३५० युनिटवाल्या घराने ५० वाचवले तर बिल चांगलंच खाली येतं.

आता मुख्य काम. यालाच वेळ द्या, बाकी सगळं सोपं आहे.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळ कुठेतरी ३२०० इम्प/केडब्ल्यूएच (3200 imp/kWh) असं छापलेलं असतं, काही मीटरवर १६०० किंवा दुसरा आकडा असेल. ३२०० चा अर्थ दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घड्याळ लावून एका मिनिटात किती वेळा लागतो ते मोजा, त्याला ६०००० ने गुणा आणि छापलेल्या आकड्याने भागा, आत्ता या क्षणी घर किती वॅट ओढतंय ते कळतं. ३२०० वाल्या मीटरला सोपं आहे, एक लुकलुक म्हणजे पावणेएकोणीस वॅट धरा.

रात्री अकराच्या सुमाराला बसा. घरातले दिवे, पंखे, टीव्ही, एसी, गिझर, सगळं बटणावरून बंद. फ्रिज पण प्लगपाशी बंद करा, अर्ध्या तासाने काही बिघडत नाही त्यातलं, आणि चालू ठेवलात तर कॉम्प्रेसर मधेच सुरू मधेच बंद होऊन सगळी मोजणी बिघडवतो. आता मीटर बघा. तुमच्या समजुतीप्रमाणे घरात काहीच चालू नाहीये, मग दिवा जवळजवळ थांबायला पाहिजे. थांबत नाही. मी बघितलेल्या घरांपैकी निम्म्याहून जास्त घरांत थांबला नाही.

मग बोर्डावरच्या एमसीबी, म्हणजे प्रत्येक लायनीचे वेगळे छोटे खटके, एकेक करून पाडायच्या आणि दर वेळी मिनिटभर मोजायचं. मीटर खाली पॅसेजमध्ये असेल तर दोघं लागतात, एक वर एमसीबीपाशी आणि एक खाली मीटरपाशी, फोन चालू ठेवून. आकडे कागदावर लिहा, लक्षात राहत नाहीत. ज्या एमसीबीला लुकलुक एकदम कमी झाली, चोर त्या लायनीवर.

हे वाचायला सोपं वाटतं. मला बरोबर जमायला जवळजवळ एक वर्ष लागलं, आणि त्यात एक फ्रिज नाहक बदलला गेला, म्हणून पुढचं नीट वाचा.

इन्व्हर्टर असेल तर तो दोन ठिकाणी बंद करावा लागतो. समोरचं बटण दाबलं की घराला जाणारी बॅकअपची वीज थांबते, पण सॉकेट चालू असेल तोवर बॅटरी चार्ज होतच राहते आणि मीटर पळत राहतं. उलट नुसता सॉकेट बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली आणि अर्धं घर बॅटरीवर चालायला लागतं, मीटर शांत, तुम्ही खूश, आणि सॉकेट परत चालू केला की तीच बॅटरी भरायला मीटर दुप्पट पळतं. दोन्ही बंद करा, आधी समोरचं बटण, मग सॉकेट. आमच्याकडे इन्व्हर्टर आणि फ्रिज एकाच एमसीबीवर होते. ती पाडली की मिनिटाला सहा लुकलुक गायब व्हायची, फ्रिज बारा वर्षांचा, मग काय, मी फ्रिजलाच धरलं. फ्रिज प्लगपाशी वेगळा बंद करून बघायचं मला त्या वेळी सुचलंच नाही. नवा आणला, पुढच्या महिन्यात जेमतेम दहा युनिट कमी. पुढच्या पावसाळ्यात कधीतरी इन्व्हर्टरचा सॉकेट हातासरशी बंद केला आणि खाली जाऊन बघते तर दिवा थांबलेला. सहा लुकलुक म्हणजे ११२ वॅट, दिवसरात्र, म्हणजे दिवसाला २.७ आणि महिन्याला ८१ युनिट! बॅटरी सहा वर्षांची होती, आतून गेलेली, कधी पूर्ण भरायचीच नाही म्हणून चार्जिंग कधी थांबायचंच नाही. खुणा सगळ्या समोर होत्या, पाणी सारखं कमी व्हायचं आणि बॅटरी हाताला कोमट लागायची, आम्ही दोघंही पाणी भरायचो आणि विसरायचो. तुमच्या बॅटरीचं हे असं होत असेल तर लेख बाजूला ठेवून आधी तिचं बघा, कारण अशी बॅटरी नुसती महाग नाही तर धोक्याची पण आहे.

दुसरी अडचण याहून चकवणारी, ती ताईच्या घरी आली. इन्व्हर्टर नाही, सगळ्या एमसीबी पाडलेल्या, घरात काळोख, आणि मीटर मिनिटाला आठ लुकलुक करतंय. दाजी म्हणाले मीटरच खराब आहे, तक्रार करू. मी म्हटलं थांबा, आता मेन स्विच पाडा. मेन पाडला आणि दिवा थांबला. मीटरवर ‘अर्थ’ (Earth) असं लिहिलेला छोटा दिवाही आधी लागलेला होता, तोही विझला. याचा अर्थ समजून घ्या. साधी एमसीबी फक्त फेज, म्हणजे वीज आत आणणारी वायर तोडते, ती परत नेणारा न्यूट्रल जोडलेलाच राहतो, मेन स्विच मात्र दोन्ही तोडतो. आपल्याकडचं मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडचा करंट बघतं आणि जो जास्त असेल तो धरतं, चोरी पकडण्यासाठी तशी सोय असते. बांधकामाच्या वेळी शेजारच्या घराच्या पोर्चमधल्या हॅलोजनचा न्यूट्रल चुकून ताईच्या न्यूट्रलला जोडला गेला होता. दिवा शेजाऱ्यांचा, वीज त्यांच्या मीटरमधून निघायची आणि ताईच्या न्यूट्रलमधून परत जायची, म्हणजे एकच दिवा दोन्ही मीटरवर लागत होता. १५० वॅट, रोज रात्री बारा तास, महिन्याला ५४ युनिट, किती वर्षं ते देवाला माहीत. शेजारच्या काकांशी कुणी भांडायला जाऊ नका, त्यांचे पैसे काही वाचत नव्हते, त्यांना याची कल्पनाही नव्हती.

हे शोधायचं आपण, दुरुस्त करायचं लायसन्सवाल्या वायरमनने. बोर्डाचं झाकण स्वतः उघडू नका. वर सांगितलंय ना, एमसीबी पाडली तरी न्यूट्रल जोडलेला असतो, आणि दुसऱ्या घरचा करंट त्यातून येत असेल तर ती वायर सोडवताना झटका बसतो, टेस्टर काही न दाखवता. वायरमनला पण आधी सांगा की न्यूट्रलमध्ये लोड आहे. आणि मेन पाडल्यावरही लुकलुक सुरूच राहिली तर मीटर आणि बोर्डाच्या मधल्या केबलमध्ये काहीतरी आहे, तिथे तुम्ही काही करू नका, सरळ वायरमन आणि वीज कंपनीचं ऑफिस.

एवढं झालं की उरलेलं भराभर.

पंखे: जुना पंखा फुल स्पीडला ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा) ३० च्या आसपास. बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट. सगळे बदलू नका, रात्रभर चालणारे दोनच बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या. बीएलडीसीला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढायला लावा, नाहीतर पंख्यातला सर्किट बोर्ड जातो आणि मग पंख्याला नावं ठेवली जातात.

गिझर: थर्मोस्टॅट ६० वरून ५० वर आणा आणि आंघोळीच्या आधी दहा-पंधरा मिनिटं चालू करा, दिवसभर नाही. नाशिकच्या थंडीत १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशावर न्यायला ०.७ युनिट लागतं, मग ते इन्स्टंट गिझरमध्ये तापवा नाहीतर टाकीवाल्यात, त्यामुळे इन्स्टंटने वीज निम्मी होते असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नका. विजेला वैतागून गॅस गिझर बसवत असाल तर तो बंद बाथरूमच्या आत कधीही नको, कधीही. खिडकी उघडी आहे म्हणूनही नको. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस आंघोळ करताकरता बेशुद्ध पडतो आणि दाराला आतून कडी असते. बाहेर बाल्कनीत किंवा डक्टच्या मोकळ्या बाजूला बसवा आणि पाईप आत आणा.

एसी: २०२० पासून नवे एसी सुरू केले की मुळात २४ वर येतात, तुम्ही २६ वर न्या आणि पंखा लावा. एका अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतं. जाळी पंधरा दिवसांनी धुवा.

फ्रिज: दारात नोट अडकवा, सहज ओढून निघाली तर रबर बदला. भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

पाण्याचा पंप: टाकी पूर्वी वीस मिनिटांत भरायची आणि आता चाळीस लागत असतील तर बहुतेक फूट व्हॉल्व्ह (पाईपच्या तळाची, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) गळतोय, आणि तो दुरुस्त करायला पंप बदलण्याच्या तुलनेत काहीच खर्च येत नाही. ओव्हरफ्लो होईपर्यंत चालवणाऱ्यांनी टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच लावावा.

सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आमचा ११ वॅट ओढत होता, आता भिंतीवरचं बटणच बंद करतो.

सोलर सगळ्यात शेवटी. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते, योजना चांगली आहे आणि आमच्या गल्लीत बऱ्याच जणांनी घेतली. पण आधी वरचं सगळं करा, कारण १ किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात, आणि ताईच्या घरासारखी गळती तशीच ठेवून पॅनेल लावली तर जवळजवळ अर्धा किलोवॅट रोज त्या हॅलोजनमध्येच गेला असता. गळती काढल्यावर ताईचं २ किलोवॅटमध्ये भागलं, आधी तिला ३ चं कोटेशन दिलं होतं.

दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी मीटरचा फोटो काढून ठेवा आणि बिल आलं की त्यावरच्या रीडिंगशी ताडून बघा. आणि वर्षातून दोनदा, एकदा मार्चमध्ये आणि एकदा दिवाळीनंतर, रात्री अकराची मोजणी परत करा, कारण बॅटरी, रबर, व्हॉल्व्ह हे सगळं हळूहळू खराब होतं, एका दिवसात नाही. आमच्याकडे आता सगळं बंद केल्यावर लाल दिवा अडीच मिनिटांतून एकदा लागतो, तो वायफायच्या राउटरचा.