महापालिकेसाठी दस्तऐवज व्यवस्थापन प्रणाली निवडण्यापूर्वीची तयारी

निविदा काढण्याआधी, किंबहुना एकाही कंपनीला सादरीकरणासाठी बोलावण्याआधी, चालू कामातली एक नस्ती (फाइल) निवडावी आणि ती टेबलाटेबलावरून कशी फिरते हे कोणीतरी सोबत राहून शेवटपर्यंत पाहावे. समजा, पुण्यातल्या हडपसर-मुंढवा क्षेत्रीय कार्यालयातून निघालेली रस्तादुरुस्तीची नस्ती आहे. कनिष्ठ अभियंत्याने टिपणी मांडली, उपअभियंत्याने शेरा मारला, लेखा विभागाने तरतुदीची विचारणा करून ती परत पाठवली आणि शिवाजीनगरच्या मुख्य इमारतीत पोहोचेपर्यंत तिच्यावर तीन निरनिराळे आवक क्रमांक पडले. हे तिन्ही क्रमांक एकाच नस्तीचे आहेत, हे बहुतेक वेळा फक्त बारनिशी (आवक-जावक नोंदवही) सांभाळणाऱ्या लिपिकाला ठाऊक असते. म्हणून निवड समितीत संगणक विभागाच्या अधिकाऱ्यांइतकेच त्या लिपिकालाही स्थान द्यावे, आणि त्याचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे.

त्यानंतर अभिलेख कक्षाची मोजदाद करावी. आपल्याकडे अभिलेखांचे वर्गीकरण ठरलेले आहे: ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ ३० वर्षे, ‘क’ १० वर्षे, ‘क-१’ ५ वर्षे आणि ‘ड’ १ वर्ष. कोणत्या विभागाचे किती गठ्ठे कोणत्या वर्गात मोडतात आणि त्यांतल्या किती गठ्ठ्यांची मुदत आधीच संपली आहे, हे लिहून काढल्याशिवाय स्कॅनिंगचा दर प्रतिपान ठरवू नये. तसे केल्यास नष्ट करावयाच्या कागदांवरही पैसे खर्च होतात. मुदत संपलेल्या कागदांचे निर्लेखन महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार रीतसर करून घ्यावे. नव्या प्रणालीलाही ही मुदत कळली पाहिजे, आणि न्यायालयीन दावा किंवा माहिती अधिकारातले अपील चालू असलेली नस्ती मुदत संपली तरी नष्ट होणार नाही, अशी अडसर घालण्याची सोय तिच्यात असली पाहिजे. पुण्याच्या बाबतीत आणखी एक काम आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली, आणि त्यांच्यासोबत ग्रामपंचायतींची दप्तरे आली. नमुना ८ ची जुनी आकारणी नोंदवही ही महापालिकेच्या मिळकत कराच्या नोंदीसारखी नसते. तिच्यासाठी कोणते रकाने हवेत, हे आताच ठरवावे.

मराठी शोधाची चाचणी स्वतः घ्यावी, आणि तिच्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा, कारण माझ्या मते अर्धी निवड येथेच होते. कंपनीने आणलेल्या नमुन्यावर विसंबू नये. आपल्याच कार्यालयातले २०० कागद द्यावेत: टंकलिखित, हस्तलिखित, शिक्क्याखाली अर्धे झाकलेले. त्यांत जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायलीही असाव्यात, कारण युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतापूर्वीच्या त्या मजकुराचे रूपांतर झाले नाही, तर शोधयंत्राला तो निरर्थक अक्षरांचा ढीग दिसतो. मग साधे प्रश्न विचारावेत. ‘कुलकर्णी’ शोधल्यावर ‘कुळकर्णी’ सुचते का? सर्व्हे नंबर कोणी देवनागरी आकड्यांत लिहिला, कोणी इंग्रजी आकड्यांत, कोणी ‘स.नं.’ लिहिले, कोणी ‘सर्वे क्र.’, हे सगळे एकाच शोधात येतात का? ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ ही अक्षरे दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतात, पडद्यावर तंतोतंत सारखी दिसतात, आणि प्रणालीने ती आतून एकरूप केली नसतील तर ‘ॲमेनिटी स्पेस’ची निम्मी प्रकरणे शोधात येतच नाहीत. नागरिकाला माहिती अधिकारात ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. कागद असूनही ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे उत्तर जाणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

स्कॅनिंगच्या अटी निविदेत नेमक्या शब्दांत लिहाव्यात. एका कार्यालयात मी बांधकाम परवानगीची स्कॅन केलेली नस्ती उघडली, तेव्हा मंजूर नकाशा घडी न उलगडताच स्कॅन झाला होता, आणि टिपणीच्या पाठीमागे लिहिलेला अभियंत्याचा स्थळपाहणीचा शेरा कुठेच नव्हता. मूळ कागद तोवर दुसऱ्या गोदामात गेला होता, आणि अर्जदार वृद्ध गृहस्थ दोन महिने खेटे घालत होते. तेव्हा दोन्ही बाजू, किमान ३०० डीपीआय (दर इंचाला टिंबे), नकाशांसाठी मोठ्या आकाराचा स्कॅनर आणि प्रत्येक गठ्ठ्यातून काही पाने काढून आपल्या कर्मचाऱ्याने मुळाशी ताडून पाहणे, एवढे तरी नोंदवावे. ताडणी पूर्ण होईपर्यंत मूळ कागद हलवू नयेत.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी पाहाव्यात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ प्रमाणे दस्तऐवज कोठून आला, कोठे गेला, कोणत्या तारखेला व वेळेला पाठवला किंवा मिळाला, हा तपशील त्याच्यासोबत जपावा लागतो. आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली न्यायालयात द्यावयाच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य (फायलीवरून गणिताने काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा ठसा) नमूद करावे लागते. प्रणाली हे मूल्य दस्तऐवज दाखल होतानाच काढून ठेवते की मागितल्यावर, हे विचारावे. टिपणीवर सही झाल्यानंतर ती बदलता येता कामा नये, आणि कोणी कधी उघडली याची नोंद प्रणालीच्या प्रशासकालाही पुसता येता कामा नये.

एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) ई-ऑफिस या सरकारी प्रणालीशी तुलना अवश्य करावी. ते टिपणी व नस्तीच्या प्रवासासाठीच घडवलेले आहे. नकाशे, मिळकतींची प्रकरणे आणि जुना अभिलेख यांसाठी ते पुरेसे आहे का, हे वेगळे तपासावे लागेल.

करार संपताना काय होईल, ही अट दरापेक्षा महत्त्वाची मानावी. कंपनी बदलली तर सर्व दस्तऐवज पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतनासाठीचे पीडीएफ) स्वरूपात, त्यांच्या नोंदी, टिपण्या व सह्यांसह, जादा शुल्काशिवाय परत मिळतील, असे लिहून घ्यावे; आणि निवडीपूर्वीच १,००० नस्त्या बाहेर काढून दाखवायला सांगावे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य नस्त्या जळाल्या, आणि १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर तर पुणेकरांना सांगायला नको. म्हणून एक प्रत शहराबाहेर ठेवावी आणि तिच्यावरून प्रणाली पुन्हा उभी करण्याचा सराव वर्षातून एकदा व्हावा.

प्रायोगिक वापर एका क्षेत्रीय कार्यालयात मार्चअखेरीला घ्यावा. बिलांची गर्दी, रजेवर असलेले अधिकारी आणि रेंगाळणारे इंटरनेट हे सगळे तेव्हा एकत्र अनुभवास येते. त्या महिन्यात लिपिकांनी समांतर कागदी नोंदवही ठेवली का, हे पाहावे. ठेवली असल्यास प्रत्येकाला कारण विचारावे, ती कारणे दूर करून घ्यावीत, आणि मगच उरलेल्या कार्यालयांसाठी कार्यादेश द्यावा.