‘ज्युलियस सीझर’ वाचताना या चुका टाळा

संदर्भासह स्पष्टीकरणाच्या उत्तराची सुरुवात ‘शेक्सपिअर म्हणतो’ अशी झाली, की पुढचे उत्तर कसे असेल याचा मला अंदाज येतो. रोमचा सत्ताधीश सीझर याच्या हत्येवरील या नाटकात शेक्सपिअर स्वतः काहीच म्हणत नाही. बोलतात ती पात्रे, आणि त्यांतील बहुतेकांना त्या क्षणी समोरच्या माणसाकडून काहीतरी करवून घ्यायचे असते. ‘दोष आपल्या ग्रहांत नाही, आपल्यातच आहे’ हा हत्येच्या कटाचा सूत्रधार कॅशियस याचा उद्गार स्वावलंबनाचा सुविचार म्हणून फळ्यावर लिहिला जातो. पण तो सीझरचा मित्र ब्रुटस याला सीझरविरुद्ध फितवण्यासाठी बोललेला आहे, आणि त्याच दृश्याच्या अखेरीस एकटा उरलेला कॅशियस वेगवेगळ्या हस्ताक्षरांतील बनावट पत्रे ब्रुटसच्या खिडकीतून टाकण्याचा बेत आखतो. माणसांच्या व्यवहारात भरती येते आणि ती साधली पाहिजे, हे ब्रुटसचे बोलणे निरोप समारंभांत तर हमखास ऐकू येते. प्रत्यक्षात चौथ्या अंकात, हत्येनंतरच्या युद्धात, तो या युक्तिवादाने कॅशियसचा सल्ला डावलतो. शत्रूला आपल्याकडे चालत येऊ द्यावे, म्हणजे तो थकेल, हे कॅशियसचे मत बाजूला पडते, सैन्य फिलिपीच्या रणभूमीकडे निघते आणि पाचव्या अंकात दोघेही आपला शेवट करून घेतात.

या चुकीचा सर्वांत ठळक नमुना मला पेपर तपासणीच्या एका केंद्रावर भेटला. सीझरच्या अंत्यविधीत त्याचा मित्र अँटनी जे भाषण करतो, त्यावरील प्रश्नाला गठ्ठ्यातील अनेक उत्तरांत एकच वाक्य होते: अँटनीला ब्रुटसविषयी नितांत आदर आहे, कारण तो त्याला वारंवार सन्माननीय म्हणतो. वाक्य अर्थातच कुठल्यातरी गाइडमधून उतरले होते. मला अधिक त्रास झाला तो शेजारच्या परीक्षकांचा, कारण त्यांनी पूर्ण गुण देण्याचा आग्रह धरला आणि शेवटच्या दृश्यात अँटनी ब्रुटसला सर्वांत थोर रोमन म्हणतो, हा पुरावा पुढे केला. वाद मिटेना, तेव्हा मी तिसऱ्या अंकाचे दुसरे दृश्य जमावाच्या वाक्यांसह मोठ्याने वाचले. अँटनी बोलायला उभा राहतो तेव्हा, याने ब्रुटसविरुद्ध येथे ब्र काढू नये, असे नागरिकच म्हणत असतात. शिवाय कटवाल्यांना दोष न देण्याच्या अटीवरच ब्रुटसने त्याला बोलण्याची परवानगी दिलेली असते. म्हणून पहिल्यांदा उच्चारलेले ‘सन्माननीय’ हे निव्वळ अटीचे पालन वाटते. मग सीझरने राजमुकुट तीनदा नाकारल्याची आठवण येते, मृत्युपत्राचा उल्लेख येतो, आणि तोच शब्द प्रत्येक वेळी अधिक विषारी होत जातो. अखेरीस ते देशद्रोही होते, कसले सन्माननीय, असे एक नागरिकच ओरडतो. शेवटच्या दृश्यातील स्तुती मृत शत्रूची आहे. तेथे भडकवायला जमाव नाही. पाचव्या अंकातील वाक्य तिसऱ्या अंकाला साक्षीदार म्हणून उभे करता येत नाही.

माझी सवय साधी आहे. प्रत्येक महत्त्वाच्या भाषणाच्या समासात मी पेन्सिलीने तीन गोष्टी लिहितो: कोण बोलतो, कोणाला ऐकवतो आणि त्याच्या आधी कोण बोलून गेला. विद्यार्थ्यांना हे कंटाळवाणे वाटते, कारण त्यांना सारांश हवा असतो. पण ब्रुटस गद्यात बोलून गेल्यावर अँटनी पद्यात बोलतो, ही गोष्ट कोणत्या सारांशातून कळणार?

दुसरी आवडती चूक म्हणजे अलंकाराचे नाव लिहून मोकळे होणे. ‘येथे उपमा आहे’ यावर मी गुण देत नाही. दुसऱ्या अंकात ब्रुटस सीझरला सापाच्या अंड्याची उपमा देतो आणि ते कवचातच मारावे, असे ठरवतो. त्याच स्वगतात, सीझरच्या भावना त्याच्या विवेकावर मात करताना आपण कधी पाहिल्या नाहीत, अशी कबुलीही तो देतो. म्हणजे पुरावा नाही, आणि पुराव्याची जागा उपमेने भरून काढली आहे. पुढे तोच ब्रुटस कटवाल्यांना, आपण यज्ञ करणारे होऊ, खाटीक नव्हे, असे बजावतो. सीझरच्या प्रेताजवळ एकटा राहताच अँटनी त्यांना खाटीकच म्हणतो. एकाने योजलेली प्रतिमा दुसरा कशी उलटवतो, हे दाखवले तर उत्तराला अर्थ येतो.

ब्रुटसला आजच्या अर्थाने लोकशाहीवादी ठरवू नये. तो वाचवू पाहतो ते प्रजासत्ताक प्रामुख्याने सिनेटमधील उमरावांचे होते, आणि 1599 मधील लंडनचा प्रेक्षक वारस नसलेल्या, साठी उलटलेल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात बसून ही हत्या पाहत होता.

सीझरची पत्नी कॅल्पर्निया हिचे स्वप्न आणि कटातील डेसियसने त्याचा फिरवलेला अर्थ वेगवेगळे वाचू नयेत. दुसऱ्या अंकात घड्याळाचे ठोके पडतात, ही कालविसंगती शोधल्याचा आनंद एका ओळीत आटोपावा. आणि कवी सिन्ना म्हणजे कटातील सिन्ना नव्हे. हा गोंधळ जमावाने केला, तो उत्तरपत्रिकेत पुन्हा करू नये.