ठाणे-नवी मुंबईत मार्केटिंगची पहिली नोकरी: पाटीवरच्या नावाला भुलू नका

सोलापूर, लातूर, अकोल्याहून बीबीए-एमबीए करून आलेली मुलं ठाण्यात उतरली की जॉब पोर्टलवर पहिला शोध टाकतात तो ‘मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’चा. फसगत तिथेच सुरू होते. या पट्ट्यात त्या नावाने निघणाऱ्या बऱ्याच जागा म्हणजे फील्ड सेल्स: क्रेडिट कार्ड, कर्ज, विमा, वॉटर प्युरिफायर. जाहिरातीत ‘स्वतःची टू-व्हीलर हवी’ आणि ‘अनलिमिटेड इन्सेंटिव्ह’ दिसलं की काय ते समजा. ते काम वाईट नाही, पण आपण कशाला होकार देतोय ते ठाऊक असावं. मार्केटिंगचं खरं काम इथे भलत्याच नावांखाली सापडतं: सेल्स कोऑर्डिनेटर, प्री-सेल्स, कॅटलॉग एक्झिक्युटिव्ह, मराठी कंटेंट रायटर. शोध या नावांनी घ्या.

यातली सर्वांत दुर्लक्षित जागा सेल्स कोऑर्डिनेटरची. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) एमआयडीसी पसरली आहे आणि ठाण्यात वागळे इस्टेट आहे. पंप, व्हॉल्व्ह, केमिकल, पॅकेजिंग बनवणाऱ्या इथल्या छोट्या कंपन्यांत मार्केटिंग विभाग नावाची गोष्टच नसते. कोटेशन, इंडियामार्टवरच्या (कंपन्यांच्या खरेदी-विक्रीची वेबसाइट) चौकश्या, ब्रोशर, गोरेगावच्या प्रदर्शनातला स्टॉल, सगळं एकाच माणसाच्या टेबलावर येतं. तो माणूस तुम्ही व्हायचं.

इंडियामार्टवरची एकच चौकशी एकाहून जास्त विक्रेत्यांकडे जाते, म्हणून जो आधी फोन करतो त्याचं पारडं जड. फोनवर माप, मटेरियल, नग, शहर आणि माल कधी हवा एवढं विचारायचं, कोटेशन त्याच दिवशी पाठवायचं, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा फोन. प्रत्येक चौकशी एक्सेलमध्ये टाका: कुठून आली, काय मागितलं, कितीचं कोटेशन, ऑर्डर मिळाली की नाही, नाही तर का. शेवटचा रकाना सगळे रिकामा सोडतात आणि खरी मेख तिथेच असते. महिनाअखेरीस पिव्होट टेबल (एक्सेलमधला गोषवारा) काढून मालकासमोर ठेवलंत की पुढच्या जाहिरातीचे पैसे कुठे घालायचे हे तो तुम्हालाच विचारू लागतो.

अशा कंपन्या पोर्टलवर क्वचितच दिसतात. टीटीसीसाठी ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि वागळेसाठी ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन, या दोन संघटनांच्या सभासद कंपन्यांपासून शोध सुरू करा. गेटवर नुसता रेझ्युमे दिला की तो वॉचमनच्या टेबलाखाली जातो. आधी कंपनीच्या बोर्ड नंबरवर, म्हणजे मुख्य फोनवर, फोन करून सेल्स कोण बघतं ते नाव विचारा आणि गेटच्या रजिस्टरमध्ये तेच नाव लिहा. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं धरून चालू नका, तेही फोनवरच विचारून घ्या.

दुसरं दार बिल्डरांचं. घोडबंदर रोड, खारघर, पनवेल, उलवे इथल्या प्रोजेक्टना प्री-सेल्सला, म्हणजे लीडला (चौकशी केलेल्या माणसाला) फोन करून साइट व्हिजिट ठरवायला, माणसं लागतातच. शनिवार-रविवार काम, सुट्टी आठवड्यात मधेच. फोन करता करता कोणत्या जाहिरातीतून आलेला माणूस खरंच साइटवर येतो हे टिपून ठेवा; मार्केटिंग टीममध्ये सरकायला हेच भांडवल. दोन नियम मुलाखतीआधी माहीत असू द्या. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रोजेक्टच्या जाहिरातीत महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोडही बंधनकारक आहे. आणि बल्क एसएमएससाठी डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांची नोंदणी यंत्रणा) हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि टेम्प्लेट, म्हणजे मजकुराचा साचा, नोंदवावं लागतं. मंजूर मजकुरातला ठरलेला शब्द बदलला की मेसेज अडकतो.

आता सर्टिफिकेटं. गूगलच्या स्किलशॉपवरचं गूगल ॲड्स सर्टिफिकेट फुकट आहे, ८० टक्के गुण लागतात, वर्षभर चालतं. करा, पण तेवढ्यावर कोणी बोलावत नाही, कारण ते सगळ्यांकडेच असतं. त्यापेक्षा एका खऱ्या दुकानाचं काम करून दाखवा. ठाण्यातल्या जांभळी नाक्याचं एखादं भांड्यांचं दुकान धरा. त्याचं गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल मॅपवर दिसणारी दुकानाची माहिती, उघडा: कॅटेगरी चुकीची, दुपारची बंद वेळ टाकलेली नाही, फोटो फक्त शटरचा. मालकाच्या परवानगीने एवढं दुरुस्त करा. मग रोज २०० रुपये, ५ दिवस, अशी १,००० रुपयांची छोटी गूगल जाहिरात चालवा. लोकेशन सेटिंग मूळचं तसंच राहिलं तर नुसता ठाण्यात ‘रस’ असलेल्यांनाही जाहिरात दिसते आणि फोन विरारहून येतात. तिथे त्या भागात प्रत्यक्ष असलेल्या लोकांचा पर्याय निवडा. समजा ८ फोन आले, तर एका फोनचा खर्च १२५ रुपये. त्यातले दुकानात किती आले, किती नाहीत आणि का, हे एका पानावर मांडा. जाहिरात फसली असली तरी ते पान दाखवा. समोरचा कारण विचारतो आणि गप्पा तिथून सुरू होतात.

चिकाटी म्हणजे रोज ५० ठिकाणी ‘इझी अप्लाय’ दाबणं नव्हे. २० कंपन्यांची यादी, प्रत्येकीला वेगळा मेल, विषयात त्यांच्याच एखाद्या प्रॉडक्टचं नाव, पाच दिवसांनी फोन. दोनदा उत्तर नाही आलं तर महिनाभर थांबा आणि काहीतरी नवीन घेऊन पुन्हा लिहा. इथे माणसं भराभर नोकऱ्या बदलतात; रुजू झालेला मुलगा सोडून गेला की हाताशी असलेला मेल पुन्हा उघडला जातो.

मुलाखतीचा पत्ता नीट वाचा. ऐरोलीत ‘माइंडस्पेस’ आयटी पार्क ईस्ट आणि वेस्ट असे दोन आहेत. वागळेत रस्त्यांना नावं नव्हे, नंबर आहेत, आणि मॅपवरची पिन मागच्या गल्लीत नेते, म्हणून प्लॉट नंबर मागून घ्या. आयटी पार्कात गेटपासलाच वेळ जातो. सकाळी ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर गाड्या घणसोलीपर्यंत खचाखच असतात. अर्धा तास हाताशी ठेवाच.

कन्सल्टन्सीने ‘रजिस्ट्रेशन फी’ मागितली, किटचं डिपॉझिट मागितलं किंवा मूळ मार्कशीट ठेवून घ्यायची म्हटली की उठून या. मोठ्या हॉलमध्ये टाय लावलेला माणूस ‘बिझनेस ऑपॉर्च्युनिटी’ समजावू लागला, तर ती साखळी योजना.

पगाराचा हिशोब करून मगच हो म्हणा. ३ लाख सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) म्हणजे महिना २५,०००, पण तेवढे हातात येत नाहीत. बेसिक १२,५०० धरलं तर कंपनीचा पीएफ १,५००, ग्रॅच्युइटी सुमारे ६००, तुमचा पीएफ १,५०० आणि या पगारावर पुरुषांना लागणारा व्यवसाय कर २०० वजा होऊन २१,२०० च्या आसपास उरतात. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात. सीटीसीत ‘व्हेरिएबल’, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, असेल तर आकडा आणखी खाली.

राहायला नोकरी ठरेपर्यंत पीजी बरी: घणसोली, कोपरखैरणे किंवा कळवा. फ्लॅट घेतलात तर ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच घ्या. नोंदलेला करार बँक आणि एचआर दोघंही पत्त्याचा पुरावा म्हणून मागतात, आणि नुसत्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेला तिथे चालेलच असं नाही.