सोमवारचं जर्नल आणि लॉटरीचा स्टॉल

ट्रेडमार्कच्या कामात नव्याने आलेल्यांना वाटतं, ब्रँड सांभाळणं म्हणजे लोगो सांभाळणं. मलाही तसंच वाटायचं. मग एका राज्य लॉटरीची फाइल टेबलावर आली.

ट्रेडमार्क जर्नल, म्हणजे नोंदणीसाठी आलेली नावं-चिन्हं जाहीर करणारं सरकारी प्रकाशन, दर सोमवारी निघतं. ते चाळायचं काम ज्युनिअरचं, म्हणजे माझं. आपल्या अशिलाच्या नावाशी मिळतंजुळतं नाव सापडलं तर ते जाहीर झाल्यापासून 4 महिन्यांत हरकत घ्यावी लागते, त्यामुळे सोमवार चुकवायचा नाही. पहिल्याच महिन्यात नावात ‘लक्ष्मी’ असलेल्या 7 अर्जांवर मी उत्साहाने खुणा केल्या. सर म्हणाले, “अहो, लक्ष्मीवर मालकी सांगणार? आधी ‘रामायण’ वाचून या.” म्हणजे उदबत्तीच्या नावावरून झालेला 2015 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: धर्मग्रंथाच्या नावावर एकट्याची मक्तेदारी चालत नाही. लॉटरीची गोची हीच आहे. धन, भाग्य, लक्ष्मी हे शब्द गिऱ्हाईक खेचतात, पण कायद्यापुढे तेच सगळ्यात लेचेपेचे. म्हणून नुसतं नाव नव्हे, चित्रासकट पूर्ण लेबल नोंदवा. नोंदणीसाठी वस्तू-सेवांचे क्रमांकवार वर्ग असतात; लॉटरीची सेवा वर्ग 41 मध्ये येते, छापील वस्तू 16 मध्ये.

खरा धडा मात्र स्टॉलवर मिळाला. विक्रेत्याने दोन तिकिटं पुढे केली. नंबर एकच, बक्षीस लागलेला. एक खरं, दुसरं रंगीत झेरॉक्स. छोटी बक्षिसं विक्रेताच गल्ल्यातून देतो, तशी त्याने दिलीही होती. 1998 च्या लॉटरी कायद्यात तिकिटावर राज्याचं नाव-चिन्ह असं छापायला सांगितलंय की खरेपणाची खात्री पटावी. इथे चिन्ह होतं, फक्त झेरॉक्समध्ये उतरलेलं. “अंगठा फिरवा,” तो म्हणाला. खऱ्या कागदावर बारीक खरखर लागली, दुसरं गुळगुळीत.

अशा वेळी ट्रेडमार्कची नोटीस धाडणार कुणाला? पत्ताच नसतो. शिवाय ट्रेडमार्क कायद्याखाली झडती घालायची तर पोलिसांना आधी रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. बनावट दस्तऐवज आणि फसवणुकीची तक्रार आधी करा.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘केरळ लॉटरी’च्या लिंकांचं तर विचारूच नका. केरळ सरकार फक्त कागदी तिकीट विकतं. हे एक वाक्य मल्याळम, हिंदी, मराठीत ठळक छापलेलं पत्रक दहा नोटिशींपेक्षा जास्त कामाचं, असं माझं मत. सरांना ते अजून पटलेलं नाही, कारण पत्रकाचं बिल लावता येत नाही.

त्या विक्रेत्याने झेरॉक्स तिकीट काउंटरच्या काचेखाली लावून ठेवलंय. गिऱ्हाइकाने तिकीट वटवायला दिलं की आधी त्याच्यावरून अंगठा फिरतो.