मऊ जमिनीवर पाइलच्या आधाराने भराव : या चुका टाळा

मऊ चिकणमातीवर किंवा दलदलीच्या जमिनीवर रस्त्याचा अथवा रेल्वेचा भराव पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर, उभारायचे ठरले की साऱ्यांचे लक्ष पाइलच्या लांबीकडे आणि भारक्षमतेकडे जाते. ते आवश्यकच आहे. पण मला अधिक काळजी वाटते ती दोन पाइलच्या मधल्या जागेची. तिथली माती किंचित खचते, वरच्या भरावात कमान धरली जाते आणि भार पाइल कॅपकडे, म्हणजे पाइलच्या डोक्यावरच्या काँक्रीटच्या रुंद ठोकळ्याकडे, वळतो. कमानीखाली उरलेला भार जिओग्रिड, म्हणजे कॅपवर अंथरलेली मजबूत कृत्रिम जाळी, ताण घेऊन कॅपपर्यंत नेते. ही साखळी कुठेही तुटली, तर उत्तम पाइलही भराव वाचवू शकत नाहीत.

पहिली चूक आराखड्यातच होते. खर्च वाचवण्यासाठी पाइलमधील अंतर वाढवले जाते आणि भरावाची उंची मात्र तेवढीच राहते. समजा पाइल २.५ मीटर अंतरावर असून कॅप १ मीटर चौरस आहे. अशा वेळी जमिनीचा केवळ १६ टक्के भाग कॅपने व्यापलेला असतो आणि दोन कॅपमध्ये १.५ मीटर मोकळी जागा उरते. ब्रिटिश मानक बीएस ८००६ नुसार भरावाची उंची या मोकळ्या अंतराच्या किमान ०.७ पट, म्हणजे १.०५ मीटर हवी. कमान पूर्ण धरण्यासाठी ती १.४ पट, म्हणजे २.१ मीटर लागते. भराव किमान उंचीहूनही ठेंगणा असेल, तर खालचा खचाव वर उमटतो, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात रस्त्यावर पाइलच्या मांडणीबरहुकूम उंचवटे व खळगे स्पष्ट दिसू लागतात. त्यावर डांबराचा नवा थर चढवला की काही काळ रस्ता सपाट दिसतो, पण मूळ दोष जागेवरच राहतो. अंतर कमी करणे किंवा कॅप मोठी करणे हे उपाय काम सुरू होण्यापूर्वीच स्वस्त पडतात.

मधली मऊ माती थोडाफार भार कायम उचलत राहील, हे गृहीतकही असेच धोक्याचे आहे. यंत्रांसाठी आधी पसरलेल्या मुरमाच्या थराच्या वजनाने, किंवा पुढे भूजल पातळी खाली गेल्याने, ती माती जिओग्रिडपासून सुटते आणि खाली पोकळी राहते. सुरुवातीचे महिने मोजमापे समाधानकारक येतात आणि मग जिओग्रिडवरचा ताण वाढू लागतो. म्हणून जिथे असा खचाव संभवतो, तिथे खालच्या मातीचा आधार हिशेबात धरू नये, आणि जिओग्रिडची ताकद निवडताना दीर्घकालीन ताणाखाली तिचे हळूहळू लांबणेही विचारात घ्यावे.

साइटवरील चुका बहुधा कॅपच्या कडेशी सापडतात. फर्मा काढल्यावर काँक्रीटची जी धारदार किनार राहते, तिच्यावर जिओग्रिड थेट अंथरली आणि वर रोलर फिरला, की धागे नेमके जिथे ताण सर्वाधिक असतो तिथेच कापले जातात. कडा गोलसर कराव्यात आणि कॅपवर वाळूचा किंवा बारीक खडीचा पातळ थर द्यावा. मात्र हा थर जाड होऊ देऊ नये, कारण जिओग्रिड कॅपच्या जितकी जवळ असेल तितके तिचे काम चोख होते. ती सुरकुतलेली राहिली, तर आधी सुरकुती उलगडण्यातच खचाव खर्ची पडतो. भरावाच्या आडव्या दिशेने रोल अखंड असावा. या दिशेला मधे जोड देणे टाळावे. वरचा थर खडीचा किंवा चांगल्या दाणेदार मालाचा असावा; तिथे चिकणमाती वापरली तर कमानीचा भरवसा राहत नाही.

भरावाचा उतार आपल्या वजनाने बाहेर सरकू पाहतो. हा आडवा रेटा उभ्या पाइलवर सोपवू नये. तो जिओग्रिडने घ्यायचा असतो, आणि त्यासाठी शेवटच्या पाइलच्या रांगेपलीकडे तिला पुरेशी पकड द्यावी लागते. काम संपल्यावर पायथ्याशी गटारासाठी खोल चर खणणे हा तर या पकडीवरच घाव असतो.

सळई नसलेल्या काँक्रीट पाइलबाबत विशेष जपावे. डोके छाटताना एक्स्कॅव्हेटरच्या बकेटचा एक आडवा धक्का बसला, तर वरून सारे ठीक दिसते आणि तडा जमिनीखाली जातो. डोके करवतीने कापावे आणि नंतर हातोड्याच्या ठोक्याने होणारी अखंडता चाचणी करावी. ठोकून बसवण्याच्या पाइलमुळे माती फुगून शेजारचे तयार पाइल वर उचलले जातात, म्हणून त्यांच्या डोक्याची पातळी रोज तपासावी.

खचाव दिसू लागल्यावर कारण ओळखायचे असेल, तर खचाव मोजण्याच्या पट्ट्या सुरुवातीपासूनच कॅपवर आणि दोन कॅपच्या मध्ये अशा दोन्ही ठिकाणी बसवलेल्या हव्यात. फक्त मधली पट्टी खाली जात असेल, तर दोष कमानीत किंवा जिओग्रिडमध्ये शोधावा. दोन्ही एकत्र खचत असतील, तर पाइल टणक थरापर्यंत पोहोचले आहेत का आणि खचणारी माती त्यांना खाली ओढते आहे का, हे पाहावे. पायथ्याजवळचा इन्क्लिनोमीटर (जमिनीतली आडवी सरकण मोजणारे उपकरण) बाहेरच्या दिशेने सरकण दाखवत असेल, तर पुढचा थर टाकणे त्याच दिवशी थांबवावे.